ज्याची त्याची चूक

विराज यमगर पुन्हा नापास झाला.

खरा विराज नव्हे. खरा विराज त्या वेळी कँटीनबाहेर उभा राहून वडापाव खात होता आणि वर पहिल्या मजल्यावर आपण नापास होतोय याची त्याला गंधवार्ताही नव्हती. नापास झाला तो पडद्यावरचा विराज, त्याचं प्रतिरूप. प्रा. नंदिता तारळेकरांनी त्याला उष्मागतिकीचा दुसरा नियम किती तऱ्हांनी शिकवला होता याची त्यांनाच मोजदाद राहिली नव्हती. पंपाचं उदाहरण देऊन झालं, धरणाचं देऊन झालं, आधी चित्र मग गणित, आधी गणित मग चित्र, सगळं झालं. शेवटी प्रश्न तोच: बंद खोलीत फ्रिजचं दार उघडं टाकून फ्रिज चालू ठेवला तर खोलीचं काय होईल? आणि प्रतिरूपाचं उत्तरही तेच. खोली गार होईल.

तारळेकर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शनिवारी दिशा समिती बसणार होती आणि या पोराबद्दल त्यांना मत द्यायचं होतं. तिसऱ्या वर्षाला घ्यावा, की दोन वर्षांची पदविका हातात ठेवून घरी पाठवावा? घरी म्हणजे खरं तर कोचीला. विट्याच्या आसपासची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवतात. विराजच्या मामाचं तसं एक दुकान कोचीत होतं आणि मामानं सांगूनच ठेवलं होतं, पोरगं शिकतंय तोवर शिकू दे, थांबलं की गाडीत बसवून दे. दिवसभर ॲसिडच्या वाफेत उभं राहायचं काम. विराजला ते नको होतं. त्याला बी.एस्सी. पुरी करून हवामान खात्याची परीक्षा द्यायची होती. एवढीशी मागणी, आणि ती पडद्यावरच्या एका पोराच्या उत्तरापाशी अडून बसली होती.

ज्या यंत्रणेत हे पडद्यावरचं पोरगं राहत होतं तिचं नाव तालीम. नाव बरोबर होतं. नाटकवाले प्रयोगाआधी तालीम करतात, मास्तरांनी का करू नये, एवढाच तिच्यामागचा विचार. वर्गात काय होतं? शिक्षक विचारतो, समजलं का? वर्ग एका सुरात म्हणतो, हो. शिक्षकाला माहीत असतं की हे खोटं आहे, वर्गालाही माहीत असतं की शिक्षकाला माहीत आहे, आणि तास पुढं सरकतो. कुणाच्या डोक्यात नेमकं काय अडलंय हे परीक्षेच्या पेपरात कळतं, तेव्हा वेळ गेलेली असते.

तालमीनं हे उलटं केलं. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थी दर रविवारी फोनवर एक प्रश्नसंच सोडवायचा. यंत्र नुसतं उत्तर पाहायचं नाही. बोट आधी कुठल्या पर्यायाकडं गेलं, कुठं थबकलं, काय लिहून खोडलं, हे सगळं ते टिपायचं. बरोबर उत्तरातून फारसं काही कळत नाही, कारण सगळ्यांचं बरोबर उत्तर एकच असतं. चूक मात्र ज्याची त्याची असते. पाण्याला उतार कुठं आहे हे जसं ते कुठं साचतं त्यावरून कळावं, तसं या चुकांवरून यंत्र त्या डोक्याचा नकाशा काढायचं आणि त्या नकाशावर विचार करणारं एक प्रतिरूप उभं करायचं. मग शिक्षकानं उद्याचा तास आज या प्रतिरूपांपुढं घ्यायचा. पंगत बसायच्या आधी आमटीची चव घ्यावी तसं. कोण कुठं हरवला ते पडद्यावर दिसायचं, उदाहरण बदलायचं, पुन्हा घ्यायचा, आणि सगळे पोचले की सकाळी खऱ्या वर्गात जायचं.

आणि ते चाललं. येरळाकाठ महाविद्यालयाचा भौतिकशास्त्राचा निकाल असा काही वर गेला की शेजारच्या कॉलेजांची माणसं बघायला यायला लागली. मॅडमना विद्यापीठानं अध्यापन-रचनेचा पुरस्कार दिला, शाल दिली, आणि त्यांचा फोटो प्राचार्यांच्या खोलीत लागला.

तालीम एवढी अचूक निघाल्यावर विद्यापीठाला पुढचं सुचलं. प्रतिरूपालाच तिसऱ्या वर्षाचा सगळा अभ्यासक्रम शिकवून बघायचा, शक्य त्या प्रत्येक पद्धतीनं. कशानंच जमलं नाही तर खऱ्या विद्यार्थ्याचं वर्ष आणि बापाची कमाई कशाला फुकट घालवायची? दुसऱ्या वर्षाअखेर त्याला सन्मानानं मोकळं करायचं. यात कुणाचाही अवमान अभिप्रेत नाही, असं परिपत्रकात छापलेलं होतं. जिथं अवमान नसतो तिथं असं छापावं लागत नाही, पण ते असो.

विराजच्या वर्गात अठ्ठेचाळीस मुलं होती आणि मोकळा व्हायची पाळी एकट्या विराजवर आली होती.

नियमाप्रमाणे आधी विद्यार्थ्याला समजावून सांगायचं असतं. मॅडमनी विराजला बोलावलं. तो आला आणि बस म्हणेपर्यंत उभा राहिला. मॅडमच्या लक्षात आलं की आपण या मुलाकडे असं समोरासमोर फार दिवसांत पाहिलेलं नाही. प्रतिरूपाला दोन वर्षं शिकवलं होतं. वर्गातल्या विराजला मात्र अवघड प्रश्न विचारायचा नाही, कारण तो गोंधळेल आणि खट्टू होईल, असं तालमीनं सांगून ठेवलेलं. म्हणून त्या त्याला फळा पुसायला सांगत, सोपी व्याख्या विचारत आणि पुढं जात. त्यामागं त्यांची दया होती, दुष्टपणा अजिबात नव्हता.

त्यांनी पदविकेबद्दल शक्य तेवढं गोड करून सांगितलं. विराजनं ऐकून घेतलं. वाद घातला नाही, डोळ्यांत पाणीही आणलं नाही. फक्त विचारलं की त्या पडद्यावरच्या मला नेमकं काय येत नाही? मॅडमनी तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसा तो फ्रिजचा प्रश्न सांगितला.

विराजच्या भुवया आक्रसल्या. "खोली गार कशी हुईल, मॅडम? आतनं गार करतंय ते मागनं गरम हवा सोडतंय की. जेवढं आतनं काढलं तेवढं मागं टाकलं. खोली हाय तशीच राहणार."

उत्तर चूक होतं. पण मॅडमचा हात टेबलावरच्या पेल्यापर्यंत गेला होता तो तिथंच थांबला. वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला बरोबर उत्तराचं कौतुक फारसं उरत नाही, पण चुका मात्र तो आवाजावरून ओळखतो. प्रतिरूपाची चूक अशी होती की गारवा ही एक वस्तू आहे आणि दार उघडलं की ती बाहेर सांडते. हा पोरगा त्या चुकीच्या एक पायरी पुढं उभा होता. उष्णता कुठं नाहीशी होत नाही, इकडची तिकडं जाते, हे त्याला कळत होतं. तो फक्त मोटर विसरला होता.

"आणि वीज?" मॅडम म्हणाल्या. "मीटर फिरतोय ना बाहेर?"

विराज खिडकीकडं बघू लागला. तालमीच्या सवयीनं मॅडमच्या तोंडाशी सूचना आलीच होती, पण त्या गोंधळात ती द्यायची राहून गेली.

"मग ती वीज पण खोलीतच आली," तो हळूच म्हणाला. "म्हंजे खोली तापणार."

मॅडमना आनंद व्हायला हवा होता. त्यांची नजर पडद्याकडं गेली. हा जर विराज असेल, तर दोन वर्षं आपण शिकवलं कुणाला?

फैझान मुजावर हा कॉलेजचा अध्यापन-रचनाकार. शिक्षक आणि यंत्र यांच्यामध्ये बसणारा माणूस. तासाची मांडणी करून द्यायची, प्रतिरूपं नीट चालतात ना ते बघायचं, हे त्याचं काम, आणि तालमीबद्दल वेडंवाकडं बोललेलं त्याला खपत नसे. मॅडमची शंका त्यानं आधी हसण्यावारी नेली. एखाद्या दिवशी माणसाला सुचतं, म्हणाला. मॅडम हलेनात, तेव्हा तो विराजच्या जुन्या प्रश्नसंचांच्या मुळाशी गेला.

प्रश्न वाचून झाल्यावर बोट उचलेपर्यंत माणूस जो क्षण घेतो, त्याला एक लय असते. चालण्याची ढब असते तशी. ती लपवावी म्हटलं तरी लपत नाही. तालीम ही लय टिपत होती, पण एकाची दुसऱ्याशी ताडून बघत नव्हती, कारण तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. ती बनवणाऱ्यांनी विद्यार्थ्याला काय कळतं एवढंच विचारलं होतं. फोनवर बसलेला कोण, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. ही माणसं आमच्या तालुक्यात शिकलेली नसणार, हे उघड होतं.

जेवणाच्या सुट्टीत फैझान डबा न उघडता स्टाफरूममध्ये आला आणि मॅडमना बाहेर बोलावून म्हणाला, "मॅडम, तुमच्या वर्गात अठ्ठेचाळीस पोरं नाहीत. दोन-तीन जण सोडले तर सगळीकडं एकच बोट आहे."

कुणाचं, ते सांगावं लागलं नाही. ज्या खात्याशी ती लय मुळात जुळत होती ते स्वरांजली हसबेचं होतं. वर्गात पहिली येणारी. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं तिला पुढच्या शिक्षणासाठी निवडलेलं होतं, तेही इथल्या दोन वर्षांच्या अंतर्गत गुणांवर. आणि ती विराजच्याच गावची. पहिलीपासून दोघं एका वर्गात होती आणि रोज एकाच एसटीनं यायची.

मॅडमनी तिला प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत गाठलं. सोडियमच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात ती वर्णपटमापीवर डोळा लावून बसली होती. मॅडमनी दार लावून घेतलं आणि सरळच विचारलं. स्वरांजलीनं नाही म्हटलं नाही. कदाचित दोन वर्षं ती कुणीतरी विचारायची वाट बघत असावी.

सुरुवात साधी होती. प्रश्नसंच रविवारी सकाळी यायचा. तेव्हा कुणी यंत्रमागावर, कुणी गोठ्यात, कुणाच्या वाडीत रेंज नाही. कुणीतरी म्हणालं, स्वरा, माझा तेवढा टाक. मग दुसऱ्यानं पासवर्ड पाठवला. मग जवळजवळ सगळ्यांनी. यात कुणाला काही गैर वाटलं नाही. शाळेपासून हे असंच चालत आलेलं. ज्याला येतं त्यानं करायचं आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं. ते वर्गाचं काम. नाही म्हणणारी पोरगी शिष्ट ठरते आणि मग एसटीत तिच्या शेजारी कुणी बसत नाही. या तालुक्यात कॉलेज केलेल्या कुणालाही विचारा, तो हसेल आणि विषय बदलेल.

अडचण एकच होती. सगळ्यांची उत्तरं सारखी आली तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. म्हणून स्वरांजलीनं प्रत्येकाला वेगळ्या चुका दिल्या. उगाच कुठल्याही नव्हेत. कोण प्रश्न अर्धाच वाचतो, कुणाला अपूर्णांक बघितले की घाम फुटतो, कोण पहिल्यांदा बरोबर उत्तर निवडून मग घाबरून बदलतो, हे तिला पाठ होतं. ज्याला जी शोभेल ती चूक. रविवारची सकाळ ती एकेकाच्या डोक्यात शिरून बसायची.

मॅडमना राग आला होता, खूप आला होता, पण त्याच्या तळाशी त्यांना कौतुकही वाटलं आणि त्याची लाज वाटली. निकाल वर गेला होता तो या पोरीमुळं. अख्खा वर्ग तिनं ओळखला होता, यंत्रानं नुसती तिची नक्कल केली होती, आणि मॅडमनी त्या नकलेवर शाल घेतली होती.

"आणि विराज?" त्यांनी विचारलं.

स्वरांजली दिव्याकडं बघत राहिली. "कुणीतरी शेवटी यायला पाहिजे ना, मॅडम. सगळीच बरी निघाली तर खोटं वाटलं असतं."

"मग तोच का?"

"त्यो रागवत नाही." ती म्हणाली. "आणि खरं सांगू? मला वाटायचं, त्याला एवढंच येतं."

मॅडमना सगळी साखळी दिसू लागली. या पोरीनं विराजला ढ ठरवलं, तिच्यावरून यंत्रानं ठरवलं, यंत्रावरून आपण ठरवलं आणि दोन वर्षं त्याला ढ मुलाचे प्रश्न विचारले. साखळीत कुणीही त्याचं वाईट चिंतलं नव्हतं. त्यांना भयंकर वाटलं ते हेच.

आता काय करायचं? कॉपी म्हणून सरळ तक्रार केली तर सबंध वर्गाचे दोन वर्षांचे गुण गोठणार आणि स्वरांजलीची पुण्याची जागा जाणार. गप्प बसलं तर विराज कोचीला. तिसरी एक वाट नियमात होती. शिक्षकानं मागणी केली तर समितीला प्रत्यक्ष पडताळणी घ्यावी लागायची. प्रतिरूपाला आधी विचारून ठेवलेले काही नवे प्रश्न खऱ्या विद्यार्थ्याला समोर बसवून विचारायचे. उत्तरं जुळली तर निर्णय कायम. फार वेगळी आली तर प्रतिरूप रद्द, विद्यार्थी तिसऱ्या वर्षात, आणि मग वर्गाची चौकशी. म्हणजे ही वाटही फिरून तिथंच येत होती, पण निदान विराजच्या तोंडून येत होती.

शुक्रवारी प्राचार्य बाबरांनी मागणीचा अर्ज वाचला आणि बाजूला सारला. माणूस वाईट नव्हता. या गावात विज्ञान शाखा यावी म्हणून त्यांनी मंत्रालयाचे उंबरे झिजवले होते. महिन्याभरात मूल्यांकन समिती यायची होती आणि ती येणार होती ते तालीम बघायलाच. एका पोरासाठी हे कशाला उकरताय, असं ते म्हणाले, पोरगं नंतर कधीही परत येऊन शिकू शकतं. कोचीहून परत येऊन शिकलेला एक तरी दाखवा, असं मॅडम म्हणाल्या. शेवटी नियमात होतं म्हणून बाबरांनी सही केली.

मॅडमनी विराजला सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही. स्वरांजलीनं त्याला कुठल्या चुका दिल्या तेवढं सोडून, कारण ते त्यांना सांगवेना. सोडवणारी ती, हे त्याला माहीतच होतं, पासवर्ड त्यानंच दिला होता. त्यानं एकच विचारलं.

"स्वराचं काय हुईल?"

"पुण्याची जागा जाईल. बहुतेक." खोटं बोलणं मॅडमच्या जिवावर आलं. "तू फक्त खरं उत्तर दे. बाकीचं माझ्यावर सोड."

त्यानं मान हलवली. ती मान कशाला हलवली होती हे मॅडमना शनिवारी कळलं.

समितीच्या खोलीत बाबर, मॅडम आणि फैझान होते आणि समोरच्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घातलेला विराज. प्रतिरूपाची उत्तरं यंत्रात बंद होती. विराज बोलला की पडद्यावर जुळलं किंवा नाही, एवढंच उमटणार होतं. पहिला प्रश्न उकळत्या पाण्याचा होता. विराजनं उत्तर दिलं. चूक. जुळलं.

घाबरला असेल, असं मॅडमना वाटलं. त्यांनी त्याच्याकडं बघून मान डोलावली, धीर यावा म्हणून. दुसरा प्रश्न दाबाचा. त्यानं थोडा विचार केल्यासारखं केलं आणि चुकला. जुळलं. तिसऱ्याला त्यानं आधी बरोबर पर्याय म्हटला आणि मग बदलला. जुळलं. हा मुलगा परवा त्यांच्यासमोर एका प्रश्नात दोन पायऱ्या चढला होता. चौथा, पाचवा. बाबरांचा चेहरा सैल होत गेला. शेवटच्या प्रश्नाला विराजनं उत्तर तर चूक दिलंच, पण त्याचं कारणही असं बाळबोध दिलं की बाबरांना हसू आवरलं नाही. जुळलं.

हसला नाही तो फैझान. तो पडद्याकडं बघत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. मॅडमना त्याचं कारण माहीत होतं, कारण त्यानंच त्यांना कधीकाळी शिकवलं होतं. खरा माणूस आपल्या प्रतिरूपाशी कधीच पुरता जुळत नाही. त्याचं डोकं दुखत असतं, त्याला काल काहीतरी नवीन कळलेलं असतं, कधी नशिबानं बरोबर येतं. चार ठिकाणी जुळावं, एका ठिकाणी फाटावं, असं असतं तेव्हाच ते खरं मानायचं. विराज सगळीकडं जुळला होता.

"झालं तर मग," बाबर म्हणाले. "बाळ, तू बाहेर थांब. मॅडम, सही करा."

मॅडम सही न करता उठल्या आणि त्याच्या मागोमाग बाहेर आल्या. व्हरांड्यात खांबाला टेकून स्वरांजली उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मॅडमचं तिच्याकडं लक्षच गेलं नाही.

"तुला येत होते ते प्रश्न," त्या विराजला म्हणाल्या.

"व्हय."

"मग? आणि जुळवलंस कसं? ती उत्तरं तू कधी बघितलेलीही नाहीस."

विराज जमिनीकडं बघत म्हणाला, "स्वराला मी कसा दिसतो ते मला पहिलीपासनं ठाऊक हाय, मॅडम. तिनं माझ्या नावावर काय लिहिलं असंल, ते काढायला मला वेळ लागत नाही."

त्यात कडवटपणा नव्हता, तक्रारही नव्हती. खांबापाशी स्वरांजलीनं ते ऐकलं. तोंडात मारल्यासारखा तिचा चेहरा झाला. क्षणभर ती उभी राहिली, मग दोघांच्या मधून सरळ चालत गेली आणि समितीच्या खोलीचं दार लोटून आत शिरली. बाबर सर, मला बोलायचंय, एवढं ऐकू आलं आणि दार मिटलं.

विराज तिच्या मागं धावला तेव्हा मॅडमनी त्याचा दंड धरला. त्यानं हिसडा देऊन तो सोडवला. दोन वर्षांत त्याला रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"तिला कशाला जाऊ दिलं? पुण्याचं गेलं तिचं."

"प्रतिरूपच खोटं ठरलं की तुला आता कुणी काढू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझं वर्ष वाचलं, विराज."

"मला विचारलं का कुणी?" तो म्हणाला. "आधी माझी उत्तरं तिनं दिली. मग मशीननं दिली. मग तुमी मला काय विचारायचं आणि काय न्हाई ते ठरवलं. आज पहिल्यांदा मी माझं ठरवून आत गेलतो. तेबी तुमी दोघींनी राहू दिलं न्हाई."

मॅडमकडं उत्तर होतं. स्वतःला असं बुडवणं म्हणजे मोठेपणा नव्हे, खोट्यावर तिची पुण्याची जागाही टिकली नसती, असं बरंच काही त्यांना सांगता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण तो जे म्हणत होता तेही खरं होतं, आणि ते त्यांना आत कुठंतरी लागलं. त्यांनी आपलं उत्तर गिळलं.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "आता विचारते. तुला काय करायचंय?"

आत बाबरांचा आवाज चढला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग स्वरांजलीचा बारीक पण न थांबणारा आवाज. मॅडमना दहा गोष्टी सुचत होत्या. तिसरं वर्ष, हवामान खातं, कोची, मामा, एकेक शब्द पुढं केला असता तर त्यानं त्यातला एखादा धरला असता. त्यांनी एकही पुढं केला नाही. गप्प उभं राहणं इतकं अवघड असतं हे त्या विसरून गेल्या होत्या.

"मला शिकायचंय," विराज शेवटी म्हणाला. मग शर्टाची बाही डोळ्यांवरून फिरवून त्यानं दाराकडं पाहिलं. "बाकीचं मी आत जाऊन सांगतो. स्वराचं पण. तुमी नका सांगू."

मॅडम बाजूला झाल्या. त्यानं दार लोटलं, आत गेला, आणि आतले आवाज एकदम थांबले. मग त्याचा एकट्याचा आवाज सुरू झाला. शब्द नीट कळत नव्हते. मॅडम दाराबाहेर उभ्या राहिल्या. तो काय सांगत असेल याचा त्यांना काही केल्या अंदाज येईना.